पाचव्या धड्यामागचा आवाज

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी बर्नाबीत फेब्रुवारी संपता संपता पुन्हा बर्फ पडला आणि गुणवंत मेश्रामने ड्राइव्हवे शोव्हल करता करता कमरेत उसण भरून घेतली. ते साल का लक्षात राहिलं असं कोणी विचारलं, तर घरातले सगळे ती उसणच सांगतात. खरं कारण कोणी तोंडावर आणत नाही.

कमलाबाई ही गुणवंतची आई. वय चौऱ्याहत्तर. उमरेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून चौतीस वर्षं त्यांनी पहिली ते चौथीची पोरं हाताळली. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. ऑक्टोबरात त्या लेकाकडे बर्नाबीला आल्या, त्या दोन एप्रिलचं परतीचं तिकीट पर्समध्ये घालूनच. पण नोव्हेंबरात छातीत कळ आली, डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या बसवल्या, आणि गुणवंत मागे लागला.

"आई, परत कशाला जातेस? तिथे आहे कोण तुझं?"

"कोण म्हणजे? बापू आहे की!"

बापू म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. एक्याऐंशी वर्षांचा. उमरेडच्या कोळसा खाणीत हजेरी कारकून म्हणून नोकरी केलेला. सातवीत असताना बापूने शाळा सोडली ती कमळीची सुटू नये म्हणून. छप्पन सालच्या दसऱ्याला सगळा मोहल्ला दीक्षा घ्यायला छोट्या रेल्वेने नागपूरला निघाला, तेव्हा सात वर्षांच्या कमळीला खांद्यावर घेऊन डब्यात चढला तोही बापूच. तेव्हापासून कमलाबाईंनी आयुष्यातला एकही निर्णय त्याला न विचारता घेतला नव्हता. स्थळ आलं, विचारलं बापूला. नोकरीचं गाव बदललं, विचारलं बापूला. मोतीबिंदू डाव्या डोळ्याचा आधी काढायचा की उजव्या, तेही त्यालाच. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे उमरेडच्या रविवारी सकाळी, दोघांचा तासभर फोन चाले. त्यात निम्मा वेळ बापू चेष्टा करी आणि निम्मा वेळ कमलाबाई हसत.

"तुझं राहायचं काय ते सांग आई," गुणवंत म्हणे. "मार्चपर्यंत सांग, म्हणजे तिकीट पुढे ढकलतो."

"बापू काय म्हणतो बघते."

या घरात आणखी दोघी होत्या. सून कल्याणी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. नात धम्मप्रिया चोवीस वर्षांची, पाच वर्षांची असताना नागपूरहून इकडे आलेली. ती टेकडीवरच्या युनिव्हर्सिटीत शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होती. पुढे शाळेत फ्रेंच शिकवायचा तिचा विचार होता, पण त्या वर्षी तिच्या डोक्यात दुसरंच वारं शिरलं होतं. ऑनलाइन आणि खुलं शिक्षण या विषयाचा एक वर्ग तिने घेतला आणि तेव्हापासून पोरगी झपाटल्यासारखी झाली. इथल्या आपल्या मराठी असोसिएशनमधल्या मुलांना मराठी बोलता येत नाही, तर त्यांच्यासाठी आपणच एक कोर्स बनवायचा, असं तिने ठरवलं. जूनमध्ये तोच प्रोजेक्ट म्हणून द्यायचा होता.

"आजी, हे बघ. नो फीज. कोणीही यायचं, ऐकायचं, डाउनलोड करायचं. कोणाला चेंज करून आपल्या स्टुडंट्सना द्यायचं असेल तर तेही अलाउड. लॉक काहीच नाही."

"मग परीक्षा?"

"परीक्षा नाही."

"नापास कोण होणार?"

"कोणीच नाही."

"मग हिला शाळा कशाला म्हणतेस बाई? ही तर पाणपोई झाली."

धम्मप्रियाला तो शब्द ठाऊक नव्हता. कमलाबाईंनी सांगितलं, की उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवतात, येईल त्याने प्यावं, जात विचारू नये, नाव विचारू नये. पोरगी खुर्चीतून उडालीच. "दॅट्स इट! दॅट्स माय होल आयडिया!" कोर्सचं नाव त्याच क्षणी पाणपोई ठरलं. पाण्यासाठी भांडलेल्या माणसांची आपण लेकरं, आणि नात कॅनडात बसून पाणपोई घालतेय, या विचाराने कमलाबाईंना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

धड्यांचा आवाज कमलाबाईंचा. गृहपाठ असा, की धडा ऐकायचा आणि ऐकलं ते लिहून सगळ्यांना दिसेल असं टाकायचं. मग शिकणाऱ्यांनीच एकमेकांच्या चुका दुरुस्त करायच्या. सगळ्यात शेवटी 'आजी' टॅबलेटवर बोटाने बरोबरची खूण करणार. मार्चपर्यंत तीनशेवर माणसं येऊन मिळाली. कोणी हॅलिफॅक्सचं, कोणी मेलबर्नचं. कॅनडातल्याच केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारा परीक्षित नावाचा एक मुलगा होता. त्याची आजी पुण्याची, फक्त मराठी बोलायची, आणि तिच्याशी धड चार वाक्यं बोलण्याआधीच ती वारली. हे त्याने पहिल्याच गृहपाठात लिहिलं होतं. तो एकही धडा चुकवत नसे.

सकाळचा चहा झाला, की कमलाबाई डायनिंग टेबलावर चष्मा पुसून बसत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला असं काम मिळालं नव्हतं.

आता बापूचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुणवंतने सांगितलं, की बापूमामाच्या घशात गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं, आता तीन महिने बोलायला बंदी. व्हिडिओवर बघू म्हटलं, तर नाकात नळी आहे, तुला बघवणार नाही. मेसेज मात्र करतील. मेसेज आले. 'ठीक आहे.' 'औषध चालू आहे.' 'काळजी करू नको.'

कमलाबाईंच्या जिवाला चैन पडेना. "ऑपरेशनवाल्यांनी गाठीबरोबर त्याची मस्करीही कापून नेली की काय?" त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग दोन दिवसांनी मेसेज आला. 'कमळे, टाके गळ्याला पडले, बोटाईले नाई. तू आपली सांगत राहा. आतापर्यंत माझी पाळी होती, आता तुझी.'

कमलाबाई इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. हा खरा बापू! त्या दिवसापासून त्या रोज लिहू लागल्या. फोनवर जे कधी बोलल्या नव्हत्या तेही लिहू लागल्या, कारण फोनवर मागेपुढे सूनबाई असायची. 'बापू, इथल्या भिंती लाकडाच्या. ठोकलं की पोकळ वाजतात. सगळे चांगले आहेत, पण दिवसभर घरात मी एकटी. मला घरी यावंसं वाटतं. गुणवंतला कसं सांगू? तू सांगशील तसं करते.'

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'कमळे, आत्ताच नको येऊ. एप्रिलात उमरेड म्हणजे तवा. छातीतल्या जाळ्या वितळून जातीन तुह्या. नातीजवळ राहा. तिले गरज आहे तुही.'

कमलाबाईंनी तो मेसेज चार वेळा वाचला. मन खट्टू झालं, पण बापूचा शब्द तो शब्द. "राहते," त्यांनी गुणवंतला सांगितलं. "बापूच म्हणतो." अठरा मार्चला गुणवंतने तिकीट ऑक्टोबरवर नेलं.

आणि तेवीस मार्च, गुरुवार. घरातले तिघेही बाहेर. धम्मप्रिया पंधरा दिवसांपासून एका शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी जात होती, त्यामुळे कोर्सकडे तिचं लक्ष नव्हतं. गृहपाठ साठले होते. कमलाबाईंनी पाचवा धडा उघडला. हा धडा सांबारवडीचा. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्यांनी तो सांगताना स्वतःच्याच हातच्या पहिल्या फसलेल्या वडीची गंमत सांगितली होती.

परीक्षितचा गृहपाठ लांबलचक होता. कमलाबाईंची तपासायची एक रीत होती. साठ साठ वह्या रोज तपासणाऱ्या बाईला अर्थाकडे बघायला सवड नसते. पहिल्या फेरीत नुसती अक्षरं बघायची, चूक दिसली की गोल करायचा. अर्थ दुसऱ्या फेरीत. वडीची कृती संपली. खाली परीक्षितने लिहिलं होतं, 'मागच्या खोलीत एक माणूस पण बोलतो. आवाज मोठा करून आणि स्लो करून मी वीस वेळा ऐकले. ते पण लिहिले.' त्याच्याखाली पाच ओळी. कमलाबाईंनी 'होनार'वर गोल केला, वर 'होणार' लिहिलं. 'पुन्यानुमोदन'वर गोल केला. पोरगं कान देऊन ऐकतं, त्यांच्या मनात आलं. मग त्या दुसऱ्या फेरीला वर गेल्या.

'योगेश, ऐक. आईला इतक्यात सांगू नका. बापूमामा गेले हे तिला सहन होणार नाही. डॉक्टरने टेन्शन नको म्हटले आहे. तुम्ही गुरुवारी पुण्यानुमोदन आटपून घ्या. आम्ही इकडे सांभाळतो.'

कुणाची आई? त्यांच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. एखाद्या पोराने निबंधात शेजारच्या घरातलं काहीबाही लिहून आणावं, तसं. मग योगेश हे नाव दिसलं. योगेश बापूच्या मुलाचं नाव. आणि मग स्वतःच दुरुस्त केलेला तो लांब शब्द दिसला. 'ण'च्या पोटातली लाल रेघ अजून तशीच होती.

खाली इतरांच्या दुरुस्त्या होत्या. नऊ दिवसांपासून चाललेल्या.

हॅलिफॅक्सच्या अपूर्वाने लिहिलं होतं, 'आटपून की आटोपून? दोन्ही चालतं का?'

क्षितिज नावाच्या कोणी विचारलं होतं, 'पुण्यानुमोदन डिक्शनरीत नाही. काय असतं?'

अपूर्वाने चौकशी करून कळवलं होतं, 'ऑफिसमधल्या एका काकूंना विचारलं. बौद्ध घरात माणूस वारल्यावर सगळे जमतात, वंदना घेतात, ते. सो सॅड!'

क्षितिजने लिहिलं होतं, 'ओह नो. पण हे लेसनमध्ये का आहे? आजी पुढे इतकी हसतेय!'

'आय थिंक हिडन टास्क आहे,' परीक्षितने उत्तर दिलं होतं. 'ॲडव्हान्स्ड लोकांसाठी.'

त्याच्या उत्तराला अकरा जणांनी अंगठा दाखवला होता.

कमलाबाईंचं बोट काचेवर होतं तिथेच राहिलं. बाहेर कचऱ्याची गाडी आली, डबा उपडा करून गेली. त्यांना रडू आलं नाही. छातीतही काही झालं नाही, आणि याचाच त्यांना राग आला. त्यांनी धडा लावला. आवाज पूर्ण वाढवला. त्यांचाच आवाज घुमला, 'सांबार बारीक चिरायचा बरं का, नाहीतर माझ्यासारखी फजिती!' आणि मग त्यांचंच खळखळून हसणं. त्या हसण्याच्या पलीकडे, भिंतीआड, गुणवंत. परीक्षितने शब्द लिहिले होते. शब्द संपल्यावरचं लिहायचं त्याला सुचलं नसावं. शब्द संपल्यावर गुणवंत रडत होता, तोंडात रुमाल कोंबून रडावं तसा, आणि त्याच वेळी पुढे कमलाबाई सांगत होत्या, की बेसनात चिमूटभर ओवा घालायला विसरू नका.

त्यांनी धडा पुन्हा लावला. पुन्हा लावला.

पूर्वी मरणाचं पत्र यायचं ते कोपरा फाडून. पोस्टमन ते हातात न देता उंबऱ्यावर ठेवायचा. कमलाबाईंच्या आईला अक्षर येत नव्हतं, पण फाटका कोपरा दिसला की ती जमिनीवर बसायची. वाचणारा मग यायचा. अडाणी बाईलाही त्या काळी आपलं माणूस गेल्याचं सगळ्यात आधी कळायचं. आणि इथे चौतीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. मेलबर्नपासून हॅलिफॅक्सपर्यंत परकी पोरं तिच्या भावाच्या मरणाची अक्षरं नऊ दिवस घोटत होती, आणि तिने त्यांवर लाल गोल केले होते.

धड्यावर तारीख होती. चार फेब्रुवारी, शनिवार. सकाळची साडेआठची वेळ त्यांना आठवली. कानाला मोठे हेडफोन होते. त्यांनी ते मध्येच सैल केले होते, कान गरम झाले म्हणून. तेव्हा समोर बसलेल्या धम्मप्रियाने झटकन उठून दोन्ही हातांनी ते पुन्हा दाबून बसवले होते. 'काढू नको हं आजी, प्लीज.' पोरीचे हात थंडगार होते. तेव्हा वाटलं होतं, रेकॉर्डिंगसाठी.

म्हणजे पोरीला माहीत होतं.

आणि मग त्याहून मोठा धक्का बसला, तो हळूहळू, पाणी चढावं तसा. चार फेब्रुवारीला बापू गेलेला होता. मग टाके गळ्याला पडले, बोटांना नाही, हे कोणी लिहिलं? तवा कोणी म्हटलं उमरेडला? सात आठवडे त्या कोणाशी बोलत होत्या?

संध्याकाळी साडेसहाला चौघं जेवायला बसली. कमलाबाईंनी सगळ्यांना वाढलं. कल्याणीने वरणाची वाटी पुढे केली.

"गुणवंता, बापूला फोन लाव."

"आई, त्यांना बोलता कुठे येतंय अजून? मेसेज कर ना."

"मग योगेशला लाव. तिकडे सकाळ झाली असेल. विचार त्याला, गुरुवारचं पुण्यानुमोदन नीट आटोपलं का म्हणावं."

गुणवंतच्या हातातला घास ताटात पडला. कल्याणीच खुर्ची सरकवून उठली आणि सवयीने कमलाबाईंचं मनगट धरायला गेली, नाडी बघायला.

"हात सोड सूनबाई. चालू आहे ती. सकाळी अकरापासून चालूच आहे."

"आई, तुमच्या जिवासाठीच केलं हो सगळं. डॉक्टर म्हणाले होते, शॉक नको. तीन महिने झाले की सांगणारच होतो."

"तीन महिन्यांनी काय, बापू पुन्हा मरणार होता?"

गुणवंत ओंजळीत तोंड धरून बसला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण खांदे लहानपणी मार खाल्ल्यावर हलायचे तसेच हलत होते. झोपेतच गेले, तो म्हणाला. धड्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, आपल्याकडे संध्याकाळ होती तेव्हा फोन आला. काही त्रास झाला नाही. कमलाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सर्वांत अवघड प्रश्न न विचारताच विचारला.

"योगेशला शाबासकी दे. बापाची जीभ जशीच्या तशी उचलली पोरानं. मी फसले."

"योगेशकाका नव्हते लिहीत," धम्मप्रिया म्हणाली. "पहिले चार त्यांचे. मग मी."

"तू?"

"हो."

"तुला तं धड 'ळ' म्हणता येत नाही."

"बोलता नाही येत. लिहिता येतं." पोरगी ताटाकडे बघत होती. "तू त्या दिवशी जेवली नाहीस, आजी. बापू बदलला म्हणालीस. मग मी काकांना सांगून त्यांचं अकाउंट माझ्या लॅपटॉपवर घेतलं. ओल्ड मेसेजेस सगळे वाचले. सहा वर्षांचे. लिस्ट केली. ते कुठे 'का'ऐवजी काऊन म्हणतात, कधी कमळे म्हणतात, कधी नुसतं बाई म्हणतात. कशावर जोक करतात. आम्हाला क्लासमध्ये हेच शिकवतात, की खऱ्या माणसाच्या खऱ्या भाषेवरून शिकायचं."

कमलाबाईंच्या आतली मास्तरीण त्या क्षणीही जागी होती, याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली. कारण मनात आलं ते हे, की दहापैकी दहा. चौतीस वर्षांत एकाही पोराने असा अभ्यास केला नव्हता.

"आणि नको येऊ म्हणून लिहिलंस, ते कोणी सांगितलं? बापाने?"

"काय नको येऊ?" गुणवंतने मान वर केली. "कोणी लिहिलं नको येऊ?"

म्हणजे त्याला हे माहीत नव्हतं. कमलाबाईंनी फोन उघडून त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"धम्मा, तिला घरी जायचं होतं? हे तुला माहीत होतं? अगं, मी बापूमामाचा शब्द म्हणून तिकीट बदललं! मला वाटलं, मामा जाण्याआधी कधीतरी म्हणाले असतील, ते योगेशने लिहिलं असेल..."

"आय वॉज गोइंग टू..."

"मराठीत बोल," कमलाबाई म्हणाल्या. "येतं तुला."

पोरीने एकेक शब्द जुळवत सांगितलं. "तू गेली असतीस तर पाणपोई बंद पडली असती. जूनपर्यंत तरी तू हवी होतीस. तीनशे लोक आजीच्या खुणेची वाट बघतात. आणि मी पण. या घरात माझ्याशी मराठी कोण बोलतं? आईबाबा कामावरून आले की ग्रोसरी आणि विंटर टायर्स. मला वाटलं थोडेच दिवस. मग तू रोज लिहायला लागलीस, आणि मला थांबता येईना."

"मी त्याला काय काय लिहिलं, ते सगळं तू वाचलंस."

"हो."

कमलाबाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज चढला नाही. "सगळ्या जगाला पाणपोई उघडी केलीस बाई तू. कुलूप नाही, झाकण नाही. माझ्याच रांजणात तेवढा दगड टाकलास." मग गुणवंतकडे वळून म्हणाल्या, "सकाळी तिकीट बघ. पहिलं मिळेल ते."

"आई, डॉक्टर..."

"मी विचारलं नाही रे. सांगितलं."

दुसऱ्या दिवशी धम्मप्रिया शाळेत गेली नाही. सुजलेल्या डोळ्यांनी टेबलाशी येऊन उभी राहिली. भिंतीआडचा आवाज धड्यातही उतरला असेल हे मला सुचलंच नाही, पाचवा धडा काढून टाकते, म्हणाली. पण काढूनही उपयोग नव्हता, हेही तिनेच सांगितलं. कोणीही घ्यावा, कोणीही बदलावा, असं लिहून दिलेला धडा. दोन शिक्षकांनी तो आधीच आपापल्या वर्गासाठी उतरवून घेतला होता. कुठे कुठे गेला, ते आता कोणालाच माहीत नाही.

"राहू दे," कमलाबाई म्हणाल्या. नातीशी त्या पुढचे बारा दिवस बोलल्या ते एवढेच दोन शब्द.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि परीक्षितचा गृहपाठ उघडला. तो तसाच पडला होता, खूण न केलेला. पोराने वीस वेळा ऐकून लिहिला होता. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी खाली लिहिलं, 'उतारा बरोबर आहे. दोन चुका सुधारल्या. हा धड्याचा भाग नाही. गेलेला माणूस माझा थोरला भाऊ होता. मला ते तुमच्या वहीतून कळलं. तुम्ही मन लावून ऐकलंत.' आणि शेवटी बरोबरची खूण केली.

दुपारपर्यंत तिकडून काही नाही. मग इंग्रजीत एक लांबलचक उत्तर आलं आणि वाचायच्या आत नाहीसंही झालं. त्याच्या जागी मराठीत दोन ओळी आल्या. 'आजी, मला माफ करा. मी फक्त होमवर्क केला.'

पाच एप्रिलला कमलाबाई निघाल्या. विमानतळावर गुणवंत वाकून पाया पडला. धम्मप्रिया मागे उभी राहिली, पुढे आली नाही, आणि तिला कोणी बोलावलंही नाही.

नागपूरला योगेश घ्यायला आला होता. उमरेडपर्यंतच्या वाटेत त्याने आत्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी पोचल्यावर कमलाबाई बापूच्या खाटेवर बसल्या, आणि तेव्हा कुठे, दोन महिने आणि चार दिवसांनी, त्यांना रडू फुटलं. मोहल्ल्यातल्या बायकांचं रडून झालेलं होतं. त्या नुसत्या सोबत बसल्या.

योगेशने त्याच महिन्यात बापूचा नंबर बंद केला. तो बापासारखाच खाणीत नोकरीला आहे आणि आत्याला दर महिन्याला डॉक्टरकडे नेतो. कल्याणी बर्नाबीत त्याच लॅबमध्ये आहे. आईंचे रिपोर्ट ती मागवून घेते आणि बघते. गुणवंतने कॉन्डो घेतला. आता तो दर शनिवारी संध्याकाळी आईला फोन करतो आणि तिकडे कोणाचं काय झालं, कोण आजारी, कोण वारलं, ते आधी विचारतो, मग बाकीचं.

परीक्षितने कोर्स तिथेच सोडला. दीड वर्षाने त्याचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने कमलाबाईंना स्वतः लिहिलेली मराठी पत्रिका पाठवली. तीत एकही चूक नव्हती. हॅलिफॅक्सच्या अपूर्वाने पाणपोईचे धडे घेऊन तिकडे लायब्ररीत शनिवारचा वर्ग सुरू केला. पाचवा धडा ती वगळते.

धम्मप्रियाला प्रोजेक्टमध्ये सर्वांत वरचे गुण मिळाले. त्याचं सर्टिफिकेट तिने घरी आणलं नाही. ती आता कोक्विटलमच्या एका शाळेत फ्रेंच शिकवते आणि मुलं सांगतात की चांगली शिकवते. दोन हजार पंचवीसच्या डिसेंबरात ती एकटी उमरेडला आली. कमलाबाईंनी तिला सांबारवडी करून घातली, थंडीत आपली गोधडी पांघरायला दिली, मोहल्ल्यात चार घरी नेऊन नात म्हणून ओळख करून दिली. त्या विषयावर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. पोरगी आता 'ळ' नीट म्हणते.

कमलाबाईंच्या फोनवर बापूचे सगळे मेसेज अजून आहेत. दुपारी कधी त्या उघडून बसतात. तारीख बोटाखाली झाकली, तर बापू कुठे संपतो आणि नात कुठे सुरू होते, हे त्यांना आजही सांगता येत नाही.